तीच पेशी, तीच तार: मेंदू नोंदवणं आणि आठवणं यांची अदलाबदल कशी करतो

प्रश्न असा आहे: "हिप्पोकॅम्पस नवीन गोष्ट नोंदवतो आणि जुनी आठवूनही देतो असं वाचलं. पेशी त्याच, जोडण्याही त्याच. मग दोन्हींची सरमिसळ कशी होत नाही? हा बदल कोण करतं, किती वेळात होतो, आणि आपल्याला तो मुद्दाम घडवता येईल का?"

हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आतला, आठवणी तयार करण्याचं काम बघणारा भाग. मी वीसेक वर्षं उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधले विद्युत-संकेत नोंदवतो आहे. आठवड्यातला एक दिवस विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांसाठी असतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी येतो, आणि इतका नेमका विचारलेला फार क्वचित वाचायला मिळतो. उत्तर लांबणार आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. सरमिसळ होते. रोज होते. ती आवाक्यात कशी राहते हा खरा प्रश्न आहे. आणि ती आवाक्यात ठेवणारा 'स्विच' मेंदूत एका जागी बसवलेला नाही. तुलनाच करायची तर रेल्वेच्या सांध्यांची करावी. रूळ तेच राहतात, सांधा हलला की गाडी दुसऱ्या मार्गाला लागते. मेंदूत असे सांधे बरेच आहेत. काही सेकंदाच्या सोळाव्या हिश्शात हलतात, काहींना दोन आठवडे लागतात.

आधी अडचण काय आहे ते बघू. ती कळली की पुढचं सोपं जातं.

हिप्पोकॅम्पसमध्ये माहिती ढोबळमानाने एका दिशेने वाहते. त्याला लागून असलेला एन्टोरायनल कॉर्टेक्स हा दरवाजा. तिथून हिप्पोकॅम्पसचे एकेक भाग, आधी डेंटेट गायरस, मग सीए-३, मग सीए-१, आणि शेवटी पुन्हा एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या खोल थरांकडे. या साखळीतली अवघड जागा म्हणजे सीए-३, कारण तिथल्या पेशी मुख्यतः आपसांतच बोलतात. रॅट जातीच्या उंदरात एका बाजूच्या सीए-३ मध्ये सुमारे ३ लाख पेशी असतात. त्यातल्या एकेका पेशीवर जवळपास १२,००० जोडण्या तिच्याच भाऊबंदांकडून आलेल्या असतात. डेंटेट गायरसकडून येणाऱ्या जोडण्या मात्र पन्नासच्या आसपासच, पण त्या जाडजूड आणि जोरकस.

अशा आपसांत गुंतलेल्या जाळ्याला आठवणीचा एक तुकडा दाखवला तरी ते उरलेलं चित्र स्वतः भरून काढू शकतं, हे डेव्हिड मार यांनी १९७१ मध्ये गणिताच्या आधारे मांडलं. पुढे २००२ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने ते उंदरांत तपासलं. सीए-३ मधल्या जोडण्यांना बदलण्यासाठी एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर रासायनिक संदेश टिपणारा रेणू, लागतो. तो फक्त तिथूनच काढून टाकलेले उंदीर पाण्याच्या टाकीतला बुडालेला फलाट शोधायला नीट शिकले. टाकीभोवतीच्या सगळ्या खुणा जागेवर असताना त्यांना तो सापडतही होता. पण चारपैकी तीन खुणा काढून घेतल्यावर साधे उंदीर उरलेल्या एकीवरून जागा ओळखत आणि हे मात्र भरकटत. तुकड्यावरून पूर्ण चित्र उभं करण्याची सोयच गेली होती.

आता मेख बघा. आठवताना जी सोय वरदान आहे, तीच नोंदवताना घातक ठरते. समजा तुमची एका नव्या माणसाशी ओळख होते आहे आणि त्याची चेहरेपट्टी तुमच्या जुन्या मित्रासारखी आहे. सीए-३ ला मोकळं सोडलं तर तो साम्याचा धागा पकडून जुन्या मित्राचं सगळं चित्र उभं करील. नाव, आवाज, एकत्र घालवलेले दिवस, सगळं. आणि नेमक्या त्याच क्षणी जोडण्या घट्ट होत असतील, तर नव्या माणसाच्या नोंदीत जुना मित्र मिसळून बसेल. पुढच्या वेळी दोघांची ओळख आणखी गुंतेल. म्हणून नोंदवताना दोन गोष्टी एकदम व्हायला हव्यात: बाहेरून येणारी माहिती मोठ्याने ऐकू यावी आणि सीए-३ ची आपसांतली बडबड खाली यावी. आठवताना नेमकं उलट. शिवाय आठवताना जोडण्या फारशा बदलू नयेत, नाहीतर प्रत्येक आठवण स्वतःवरच पुन्हा लिहिली जाईल.

हे सगळं कुठे घडतं ते जवळून बघायचं तर सीए-१ मधली एकच पेशी घ्या. ती एखाद्या झाडासारखी असते. मधे पेशीचा देह, वर लांब खोड, आणि टोकाला फांद्यांचा झुपका. सीए-३ कडून आलेले तंतू या झाडाच्या देहाजवळच्या फांद्यांवर उतरतात. एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून एक आडवाटेचा, थेट रस्ताही येतो. तो डेंटेट आणि सीए-३ ला वळसा घालून सरळ टोकाच्या झुपक्यावर उतरतो. म्हणजे एकाच पेशीच्या बुंध्याजवळ 'पूर्वी काय होतं' हे येतं आणि शेंड्यावर 'आत्ता समोर काय आहे' हे येतं. पेशीने या घडीला कोणाचं ऐकायचं, हाच तो सांधा.

सगळ्यात वेगाने हा सांधा हलवते ती थीटा लय. उंदीर चालत असताना, वास घेत शोध घेत असताना हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण ८ आवर्तनांची एक ठसठशीत लाट उमटते. तिचा ठेका मिडियल सेप्टम नावाच्या छोट्या केंद्राकडून येतो. मायकेल हॅसेल्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक मॉडेल मांडलं. या लाटेच्या एका अर्ध्या भागात एन्टोरायनल रस्ता जोरात असतो आणि जोडण्या बदलायला तयार असतात, म्हणजे नोंदवणं. दुसऱ्या अर्ध्यात सीए-३ चा रस्ता जोरात असतो आणि जोडण्या पक्क्या होण्याचा दरवाजा मिटलेला असतो, म्हणजे आठवणं. एका आवर्तनाला सव्वाशे मिलिसेकंद धरले तर प्रत्येक कामाला साठेक मिलिसेकंद मिळतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हे निव्वळ कागदावरचं गणित नाही, असं मानायला आधार आहे. १९९५ मध्ये हुएर्टा आणि लिझमन यांनी हिप्पोकॅम्पसच्या कापांवर प्रयोग केला. थीटासारखी लय चालू असताना चार ठोक्यांचा एकच छोटा झटका लाटेच्या शिखरावर दिला तर जोडणी घट्ट झाली. तोच झटका दरीत दिला तर ती सैल पडली. झटका तोच, तार तीच, बदलली ती फक्त वेळ. विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देताना मी नेहमी याच प्रयोगापासून सुरुवात करतो. तो समजला की 'वेळ हाच पत्ता' ही कल्पना मनात बसते. पुढे २०१४ मध्ये जोशुआ सीगल आणि मॅथ्यू विल्सन यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांत याच्या पुढची पायरी गाठली. लाट चालू असतानाच तिचा टप्पा ओळखून सीए-१ ला क्षणभर गप्प करायचं, अशी मांडणी त्यांनी केली. शिकण्याच्या भागात एका टप्प्यावर गप्प केलं तर कामगिरी सुधारली. आठवण्याच्या भागात त्याच्या विरुद्ध टप्प्यावर गप्प केलं तर सुधारली. माझ्या मते याचा सरळ अर्थ असा की नको असलेलं अर्धं काम दाबलं की हवं असलेलं अर्धं स्वच्छ होतं.

प्रयोगशाळेत हे कानांनीही ऐकू येतं. इलेक्ट्रोडचा संकेत आम्ही स्पीकरला जोडतो. उंदीर धावपट्टीवरून चालत असतो तेव्हा पेशींचे ठोके थव्याथव्याने येतात, एका ठेक्यावर. फाट्याशी आला की तो थबकतो, मान डावीकडे वळवतो, उजवीकडे वळवतो. हा क्षण फार मोलाचा असतो. २०२० मध्ये लोरेन फ्रँक यांच्या गटाने दाखवलं की फाट्याकडे जाताना पेशींचे गट आळीपाळीने बोलतात. एका आवर्तनात डाव्या वाटेचे, पुढच्यात उजव्या वाटेचे, पुन्हा डाव्या. उंदराचे पाय अजून एकाच वाटेवर आहेत आणि त्याचा हिप्पोकॅम्पस सेकंदाला आठ वेळा दोन भविष्यं उलटसुलट तपासतो आहे. मग उंदीर बक्षिसाच्या कोपऱ्यात पोहोचतो, थांबतो, मिशा साफ करू लागतो. ठेका मोडतो. स्पीकर क्षणभर शांत होतो आणि एकदम 'खर्र' असा आवाज येतो. शंभरेक मिलिसेकंदांत पेशींचा पूर्ण जमाव बोलून मोकळा होतो. या आवाजाकडे मी परत येणार आहे.

आता दुसरा, संथ सांधा: ॲसिटिलकोलीन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचे तंतू हे रसायन हिप्पोकॅम्पसभर सोडतात. नवीन जागा, नवीन वस्तू, लक्ष एकवटलेलं असलं की त्याची पातळी चढते. चढली की ते सीए-३ मधल्या आपसांतल्या जोडण्यांचा आवाज कमी करतं. बाहेरून येणाऱ्या तंतूंवर त्याचा तेवढा परिणाम होत नाही. त्याच वेळी जोडण्या बदलण्याची तयारीही वाढते. म्हणजे नोंदवण्यासाठी जी मांडणी हवी असं वर म्हटलं, नेमकी तीच. पातळी उतरली की भाऊबंद पुन्हा बोलू लागतात आणि आठवण्याचा रस्ता खुला होतो.

हे माणसांत फार पूर्वीच दिसलं होतं. स्कोपोलामीन हे औषध ॲसिटिलकोलीनचे काही रिसेप्टर अडवतं. १९७५ मध्ये घोनेम आणि मेवाल्ट यांनी निरोगी माणसांना ते दिलं. औषध घेतल्यानंतर शिकलेले शब्द त्यांना नीट आठवेनात. औषधाआधी शिकलेले मात्र आठवत होते. नोंदवणं अडलं, आठवणं चालू राहिलं. एकाच सर्किटची दोन कामं एका औषधाने अशी वेगळी होतात.

हे मी रुग्णांमध्येही बघितलं आहे. एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या मुलीबरोबर आल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं हजेरीपटासारखी सांगते, पण सकाळी कोण भेटायला आलं होतं ते दुपारी विचारलं तर गोंधळते." मी बाईंना तीन शब्द सांगितले आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागलो. पाच मिनिटांनी एकही शब्द नव्हता. इशारा दिल्यावरही नव्हता. हा इशारा महत्त्वाचा असतो, कारण नोंद असून सापडत नसेल तर इशाऱ्याने ती बऱ्याचदा सापडते. बाईंच्या बाबतीत नोंदच झालेली दिसत नव्हती. मुलीच्या मनात अल्झायमर होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तो सगळ्यात वर होता. मग औषधांची पिशवी रिकामी करायला सांगितली. वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन चालू होतं, आणि झोपेसाठी रात्री सर्दीच्या गोळ्यांमधलं डायफेनहायड्रामीन. दोन्ही औषधं ॲसिटिलकोलीनच्या आड येतात. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून एक बंद केलं, दुसरं बदललं. सात आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा तीनपैकी दोन शब्द त्यांनी आपणहून सांगितले. प्रत्येक रुग्णाचं असं होत नाही. पण वयस्क माणसाला नवीन गोष्टी राहत नसतील तर त्याची सगळी औषधं टेबलावर मांडून बघा, हे मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला कळकळीने सांगतो. आणि ही औषधं मनाने अचानक बंद करू नका. ते काम डॉक्टरांबरोबर बसूनच करायचं.

इथपर्यंत सगळं सुबक वाटतं. आता खडे लागतात. सीए-१ मध्ये ओ-एल-एम नावाच्या दमन करणाऱ्या पेशी असतात. त्यांचा देह तळाशी असतो आणि तंतू थेट शेंड्याच्या झुपक्यापर्यंत जातात, जिथे एन्टोरायनल रस्ता उतरतो. २०१२ मध्ये क्लास कुलँडर यांच्या स्वीडनमधल्या गटाने दाखवलं की या पेशी चेतवल्या की शेंड्यावरचा रस्ता दबतो आणि बुंध्यावरचा, म्हणजे सीए-३ चा, उलट मोकळा होतो. पेशी कोण चेतवतं? ॲसिटिलकोलीन. म्हणजे जे रसायन नोंदवण्याच्या बाजूने उभं आहे असं आत्ताच म्हटलं, तेच इथे आठवण्याच्या बाजूला वजन टाकताना दिसतं. याचा मला सर्वांत पटणारा उलगडा असा. ॲसिटिलकोलीन एकाच वेळी अनेक प्रकारच्या पेशींवर, वेगवेगळ्या रिसेप्टरमार्फत, वेगवेगळ्या वेगाने काम करतं. आणि ओ-एल-एम पेशी थीटा लाटेच्या ठरावीक भागातच बोलतात. मग पातळी चढलेली असली तरी शेंड्याचा रस्ता प्रत्येक लाटेत थोडा वेळ बंद आणि थोडा वेळ खुला राहतो. संथ सांधा एकूण कल ठरवतो आणि जलद सांधा त्या कलाच्या आत क्षणाक्षणाची पाळी लावतो. 'ॲसिटिलकोलीन म्हणजे नोंदवण्याचं बटण' असं लिहिलेलं दिसलं की म्हणूनच मी अस्वस्थ होतो. ते विधान खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि अपुऱ्या विधानावर औषधं सुचवली जातात तेव्हा त्रास रुग्णाला होतो.

काही सेकंदांच्या मापावर हा कल माणसांत कसा दिसतो, याचा एक सुंदर प्रयोग आहे. कॅथरीन डंकन, लीला दावाची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना एकामागून एक चित्रं दाखवली. काही अगदी नवी, काही आधी दाखवलेली, आणि काही आधीच्यांशी जवळपास सारखी पण किंचित वेगळी. ही शेवटची चित्रं ओळखणं अवघड. निष्कर्ष असा की त्याआधी अगदी नवं चित्र बघितलेलं असेल तर लोकांना तो बारीक फरक जास्त वेळा जाणवे. आधी ओळखीचं चित्र बघितलेलं असेल तर तेच चित्र ते 'हे बघितलंय' म्हणून पुढे ढकलत. आधीच्या क्षणाचा कल पुढच्या क्षणात गळत होता. नव्याला सामोरं गेलं की मेंदू काही सेकंद फरक शोधण्याच्या मनःस्थितीत राहतो. जुन्याला सामोरं गेलं की साम्य शोधण्याच्या. संथ रसायनाकडून अपेक्षा असते ती अशाच रेंगाळण्याची.

आता त्या 'खर्र' आवाजाकडे. त्याला शार्प-वेव्ह रिपल म्हणतात. उंदीर स्वस्थ बसला किंवा गाढ झोपला की ॲसिटिलकोलीन उतरतं, सीए-३ च्या भाऊबंदांवरचा दाब सुटतो आणि ते मिळून एक झटका देतात. जागेपणी ज्या क्रमाने पेशी बोलल्या होत्या तोच क्रम इथे पुष्कळदा पुन्हा ऐकू येतो, पण कितीतरी पट वेगाने. ग्योर्गी बुझाकी यांनी १९८९ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची कल्पना हीच: थीटाच्या काळात कच्ची नोंद, रिपलच्या काळात पक्की. २००९ मध्ये पॅरिसच्या गटाने झोपेतले हे रिपल येताक्षणी विजेच्या सूक्ष्म धक्क्याने मोडले, तेव्हा उंदरांचं जागेचं शिकणं मंदावलं. माणसांतला पुरावा वेगळ्या दिशेने आला. गाइस आणि बोर्न यांनी २००४ मध्ये लोकांना शब्दांच्या जोड्या शिकवल्या आणि गाढ झोपेत फायसोस्टिग्मीन दिलं, जे ॲसिटिलकोलीनची पातळी वर ठेवतं. झोपेने शब्दांच्या आठवणीला मिळणारा फायदा गेला. आरशात बघून रेघ काढण्याचं हस्तकौशल्य मात्र तसंच राहिलं.

हे नीट लक्षात घ्या. जागेपणी हेच रसायन कमी पडलं तर नवीन गोष्ट राहत नाही आणि गाढ झोपेत ते जास्त झालं तर राहिलेली गोष्ट पक्की होत नाही. म्हणून 'स्मरणशक्ती वाढवणारं रसायन' असा शोध घेणाऱ्यांना मी आधी वेळ विचारतो. कोणत्या घडीला वाढवायचं आहे? अभ्यासासाठी रात्र जागवणं मला का पटत नाही, तेही यातच आलं. पक्कं करण्याची पाळी आलीच नाही, तर कच्च्या नोंदींवर कच्च्या नोंदी चढत जातात.

रिपल फक्त झोपेचे नाहीत हेही सांगायला हवं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले असतात. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अशा रुग्णांत दाखवलं की माणूस जागेपणी एखादी गोष्ट आठवतो, तेव्हा ती तोंडातून बाहेर येण्याच्या जरा आधी हिप्पोकॅम्पसमध्ये रिपल वाढतात. आठवत नसताना डोळे वर करून आपण क्षणभर बाहेरचं जग बंद करतो ना, त्या क्षणाशी याचा संबंध असेल असं मला मनापासून वाटतं. हा माझा कयास आहे.

सगळ्याच बाबतीत तार तीच असते असंही नाही, हे २०१७ मध्ये तोनेगावा यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आलं. सीए-१ कडून एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या पाचव्या थराकडे एक थेट रस्ता जातो आणि एक रस्ता सबिक्युलम नावाच्या भागातून वळसा घेऊन जातो. धीरज रॉय आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने पेशी बंद करण्याचं तंत्र वापरून एकेक रस्ता अडवला. थेट रस्ता अडवला की भीतीची नवीन आठवण तयार होण्यात अडचण आली. सबिक्युलमचा वळसा अडवला की तयार झालेली आठवण काढता येईना. म्हणजे काही ठिकाणी मेंदूने जाण्याची आणि येण्याची वाटच वेगळी बांधली आहे. तुमच्या प्रश्नातलं 'जोडण्याही त्याच' हे गृहीतक इथे थोडं सैल करावं लागतं.

आणखी एक मोठा सांधा आहे. तो हिप्पोकॅम्पसच्या आत नाही, हिप्पोकॅम्पस आणि दुसऱ्या यंत्रणांच्या मधे आहे. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवीन प्रसंग त्यांना राहत नसत. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला, आणि प्रत्येक दिवशी आपण हे काम पहिल्यांदाच करतो आहोत अशी त्यांची खात्री होती. हाताची आठवण आणि प्रसंगाची आठवण वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्या चांदणीने दाखवलं.

मग एकच काम दोन्ही यंत्रणांना येत असेल तर ते कोण करतं? १९९६ मध्ये पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी अधिक-चिन्हासारख्या भुलभुलैयात उंदीर नेहमी एकाच टोकाकडून सोडले, खाऊ नेहमी एकाच फाट्याला. आठव्या दिवशी उंदीर समोरच्या, उलट्या टोकाकडून सोडला. बहुतेक उंदीर खाऊच्या जागेकडेच गेले, म्हणजे त्यांना जागा कळली होती. सोळाव्या दिवशी तेच केलं तर बहुतेकांनी सवयीचंच वळण घेतलं आणि चुकीच्या फाट्यात शिरले. आता खरी गंमत. सोळाव्या दिवशी सवयीचं काम बघणारा कॉडेट हा भाग औषधाने तात्पुरता बधिर केला तर उंदीर पुन्हा जागेकडे जाऊ लागले. जागेची आठवण पुसली गेलीच नव्हती. ती तिथेच होती, फक्त कारभार दुसऱ्याच्या हाती गेला होता. मला या विषयातला हा सगळ्यात आशादायक प्रयोग वाटतो.

हा सांधा ताणाने लवकर हलतो. लार्स श्वाबे यांच्या गटाने माणसांत दाखवलं की ताण आला की शिकण्याची धुरा विचारपूर्वक नकाशा बनवणाऱ्या यंत्रणेकडून सवयीच्या यंत्रणेकडे सरकते. ताणाच्या संप्रेरकाचा एक विशिष्ट रिसेप्टर आधीच औषधाने अडवला तर ती तशी सरकत नाही. परीक्षेत ओळखीच्या प्रश्नाला थोडं वेगळं वळण दिलं की हुशार मुलंसुद्धा पाठ केलेली जुनीच पद्धत लिहून येतात. त्यांना येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्या घडीला कारभार कॉडेटकडे असण्याची शक्यता बरीच असते.

शेवटचा भाग: हे मुद्दाम घडवता येईल का? काही प्रमाणात, आणि साध्या मार्गांनी. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी शिकायच्या असतील तर त्या ओळखीच्या गोष्टींच्या ओघात वाचू नका. आधी काहीतरी खरोखर नवं बघा, मग फरक शोधायला बसा. डंकन यांच्या प्रयोगावरून मी हा सल्ला देतो. प्रयोग चित्रांचा होता, अभ्यासाचा नव्हता, हेही त्याबरोबर सांगतो. पुस्तक मिटून आठवण्याचा सराव करा. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवण्याचा सराव करणारे. आठवताना मात्र चुकीचं आठवलं तर लगेच दुरुस्त करा. आठवलेली नोंद काही काळ पुन्हा ओली होते, हे करीम नादर यांनी २००० मध्ये उंदरांच्या भीतीच्या आठवणींवर दाखवलं आहे. ओल्या नोंदीत चूक मिसळायला वेळ लागत नाही.

विजेने सांधा हलवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०१६ मध्ये अपस्माराच्या ४९ रुग्णांत शिकण्याच्या वेळी एन्टोरायनल भाग आणि हिप्पोकॅम्पस यांना थेट विद्युत-उत्तेजन दिलं गेलं, आणि आठवण सुधारण्याऐवजी बिघडली. २०१८ मध्ये मायकेल काहाना यांच्या गटाने पद्धत बदलली. आधी प्रत्येक रुग्णाच्या मेंदूतल्या लहरींवरून 'आत्ता नोंद नीट होत नाहीये' हे ओळखायला संगणकाला शिकवलं, आणि फक्त त्या क्षणी कानशिलामागच्या कॉर्टेक्सच्या बाहेरच्या भागाला उत्तेजन दिलं. तेव्हा आठवलेल्या शब्दांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. नोंद नीट होत असताना संगणकाने हात आखडता घेतला होता.